कोल्हापूरच्या भरावात सापडणारे भट्टीचे दगड : पार्श्वभूमी

कोल्हापूरची जमीन काळ्या कातळाची. पन्हाळा-विशाळगडाकडे त्यावर जांभा. प्लॉटच्या भरावात किंवा ओढ्याकाठी काचेसारखा चकाकणारा हिरवट तुकडा निघाला, तर तो बहुधा भट्टीतला असतो. कोणत्या भट्टीतला, हे इथल्या धंद्यांच्या इतिहासावरून उलगडते.

सर्वांत जुनी स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना वेगळा निघून थिजलेला मळ, डोंगरपट्ट्यातली. विशाळगड, पन्हाळा, भुदरगड भागात पूर्वी लोहखनिजापासून लोखंड काढत. सरपण आणि मजुरी महागली, विलायती लोखंड स्वस्त पडू लागले आणि धंदा बसला. लोहाचा मोठा वाटा स्लॅगमध्येच राहून जाई, म्हणून ती काळी आणि हाताला चांगलीच जड. अंगावर ओघळाच्या सुरकुत्या. आयुर्वेदात औषधाला वापरतात तो मंडूर हाच, शंभर वर्षांचा उत्तम मानलेला. अशी रास दिसली तर हलवू नका, जागा नोंदवा. तो पुरावा आहे.

१८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली. वाफेच्या इंजिनांतली कोळशाची जळकी ढेकळे रुळांकडेला पडत गेली: हलकी, राखाडी, सच्छिद्र. गुऱ्हाळाच्या चुलवाणातही असेच काचट गोळे बनतात, कारण चिपाडाच्या राखेतली सिलिका पोटॅशमुळे लवकर वितळते.

कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीत ऑइल इंजिनांचे सुटे भाग ओतले जाऊ लागले आणि कुपोला, म्हणजे कोक (भाजलेला दगडी कोळसा) जाळून बीड वितळवणारी उभी भट्टी, आला. त्यात बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के चुनखडी घालतात. ती कोकची राख आणि वाळू ओढून घेते. हा रस पटकन थिजला की हिरवी-तपकिरी काच होते. पुढे शिरोली, गोकुळ शिरगावात विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आल्या. तिथे चुनखडी नसते. गंज, वाळू आणि अस्तराचा चुरा मिळून मळकट काळी स्लॅग होते, आत बिडाचे छर्रे.

स्लॅग की साधा कातळ, हे ओळखताना एकट्या लोहचुंबकावर विसंबू नका. आपल्या कातळातही मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढले जाणारे लोहखनिज असते, त्यामुळे तोही थोडा ओढला जातो. छर्रेवाल्या स्लॅगवर मात्र चुंबक एखाद्याच ठिपक्याला घट्ट धरतो. खरी खूण ताज्या फुटीत दिसते. डोळ्यांवर चष्मा लावून कोपरा फोडा. कातळाच्या जुन्या पोकळ्यांत बहुतेकदा पांढरी गार किंवा झिओलाइट नावाचे खनिज भरलेले असते. स्लॅगचे बुडबुडे रिकामे, आतून गुळगुळीत. कड काचेसारखी कापते, बोट फिरवू नका. एक बाजू लाल आणि सपाट असेल, तर ती वीटभट्टीतली खंगर, म्हणजे जादा भाजून वितळलेली वीट.