ब्लीचिंग करून दंतवैद्याच्या खुर्चीतून उठताना दात जरा जास्तच पांढरे का दिसतात?

लिंबू पिळा, चिमूटभर खायचा सोडा टाका, फसफसलं की ब्रशवर घेऊन घासा, दोन मिनिटांत दात मोत्यासारखे! हा व्हिडिओ मला आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय. फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड. त्याचे बुडबुडे दाताचं काहीही करत नाहीत. सोडा कमी पडला तर उरलेलं लिंबू मात्र करतं. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) 2 च्या आसपास असतो आणि दातावरचं एनॅमल, म्हणजे बाहेरचं कठीण आवरण, साधारण 5.5 च्या खाली विरघळू लागतं. गेलेलं एनॅमल परत येत नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपलेल्या असतात.

घासून दात पांढरा करू पाहणारे दाताला पितळेचं भांडं समजतात. एनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज, हे अर्धपारदर्शक असतं. त्याखालचं डेंटिन पिवळसर. आपल्याला दिसतो तो रंग बराचसा या डेंटिनचा, दुधी काचेतून दिसावा तसा. हिरडीजवळ एनॅमल पातळ होत जातं, म्हणून तिथे दात जास्त पिवळा. वय वाढतं तसं वरचं झिजतं आणि आतलं डेंटिन जाड होतं. आता कोळशाच्या पुडीने जोर लावून घासा, म्हणजे पिवळं आणखी जवळ येईल! चहा-तंबाखूचे वरवरचे डाग वेगळे. ते डॉक्टरकडच्या क्लीनिंगने निघतात.

आतला रंग बदलायचा तर हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. हा रेणू इतका लहान की एनॅमलमधून वाट काढत काही मिनिटांत दाताच्या मज्जेपर्यंत, म्हणजे आतल्या नसांपर्यंत, पोहोचतो. ब्लीचिंगनंतर थंड पाण्याच्या घोटाला सणक जाते, त्यामागे हेच. रंगीत रेणूंमध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते आणि ती दृश्य प्रकाश शोषते. पेरॉक्साइड ती साखळी तोडतं. तुकडे दातातच राहिले तरी रंग जातो. घरी ट्रेमध्ये घालायच्या जेलमध्ये बहुधा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. त्याचं 10 टक्के म्हणजे साधारण 3.5 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. डॉक्टर खुर्चीत वापरतात ते 25 ते 40 टक्के, म्हणून आधी हिरड्या झाकून घेतात. घरी काही आठवडे, तिथे तासाभरात, पण रसायन एकच.

आता माझी आवडती गोष्ट. तासभर तोंड उघडं, दात कोरडे. उठून आरशात पाहिलं की दात लख्ख! दुसऱ्या दिवशी थोडे उतरलेले. याला पाण्याचा खेळ कारणीभूत आहे. एनॅमल म्हणजे काही मायक्रॉन जाडीच्या असंख्य दांड्यांची जुडी, आणि त्यांच्यामधल्या बारीक फटींत पाणी. एनॅमलचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो, त्याचं माप) सुमारे 1.62, पाण्याचा 1.33, हवेचा 1. दोन माध्यमांच्या सीमेवर सरळ येणाऱ्या प्रकाशाचा किती भाग मागे फिरेल, ते काढायला दोन अपवर्तनांकांच्या वजाबाकीला बेरजेने भागून वर्ग करायचा. एनॅमल-पाणी सीमेवर उत्तर येतं जेमतेम 1 टक्का. फटीतलं पाणी उडून हवा शिरली की तेच जवळजवळ 5.6 टक्के. अशा सीमा एकामागून एक असंख्य. त्यामुळे प्रकाश डेंटिनपर्यंत जाण्याआधीच विखुरतो, आणि विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरा दिसतो. नदीतला ओला गोटा गडद आणि वाळल्यावर फिकट, तसंच. सूत्र डोक्यावरून गेलं तर एवढंच करा: पुढचा एक दात कापसाने टिपा, ओठ वर धरून चार-पाच मिनिटं थांबा आणि शेजारच्या ओल्या दाताशी ताडून पाहा.

म्हणूनच कॅप किंवा फिलिंगसाठी रंग जुळवताना चांगला दंतवैद्य 16 छटांची शेड गाइड, म्हणजे नमुन्याच्या दातांची पट्टी, अगदी सुरुवातीलाच दाताशेजारी धरतो. दात वाळल्यावर निवडलेली छटा दोन दिवसांनी शेजाऱ्यांमध्ये उपरी दिसते.

ब्लीचिंग करताना दातांवर निळा दिवा धरतात, तो थाट मला पटत नाही. पेरॉक्साइड दिव्याशिवायही काम करतं. 'झटपट' म्हणून दिसणाऱ्या फरकातला काही वाटा निव्वळ कोरडेपणाचा असतो, आणि 'आधी-नंतर'चे फोटो नेमके त्याच घडीला काढतात. काही टूथपेस्टमधला निळा रंगही याच जातीचा: धुतलेल्या कपड्यांना नीळ द्यावी तसा तो पिवळेपणा डोळ्यांपुरता झाकतो.

कॅप आणि जुनी फिलिंग पेरॉक्साइडने उजळत नाहीत. पुढच्या दाताचं फिलिंग बदलायचं असेल तर आधी ब्लीचिंग, मग साधारण दोन आठवडे थांबणं. तोवर रंग स्थिरावतो आणि दातात उरलेला ऑक्सिजन निघून जातो, नाहीतर फिलिंग नीट चिकटत नाही.