क्रिएटिनिन नॉर्मल आलं, मग किडनी ठीक आहे का?

माझी मावसबहीण पवईला एका लॅबमधे पोस्टडॉक करते, पीएचडी संपून फार दिवस झालेले नाहीत, आणि तिचं काम ऐकलं की घरातले आधी नाक मुरडतात कारण दिवसभर ती लोकांच्या लघवीचे सॅम्पल तपासत बसलेली असते. किडनीचा आजार लवकर कसा पकडायचा यावर तिचं संशोधन चाललंय. मला वाटायचं यात शोधायचं काय राहिलंय, क्रिएटिनिनची टेस्ट आहे की, गल्लीबोळातल्या लॅबमधे होते.

तर गोची तिथेच आहे. क्रिएटिनिन हा रक्तातला कचरा, तो येतो स्नायूंमधून, किडनी तो फक्त बाहेर टाकते. एकेका किडनीत साधारण १० लाख बारीक फिल्टर, म्हणजे नेफ्रॉन, असतात, दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेऊन दीड-दोन लिटरच लघवी सोडतात. काही नेफ्रॉन गेले तर उरलेले त्यांचंही काम ओढतात, त्यामुळे होतं काय की निम्म्याच्या आसपास क्षमता गेली तरी रक्तातलं क्रिएटिनिन डोळ्यात भरण्याइतकं वाढत नाही. दुखत नाही, खुपत नाही, पाय सुजले की मग धावाधाव.

आता हे बघा. समजा रिपोर्टवर क्रिएटिनिन १.१ आलंय. पंचवीस वर्षांच्या मुलाचं असेल तर, वय आणि स्त्री-पुरुष धरून हिशोब करणाऱ्या २०२१ च्या सूत्राने, त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा अंदाज, ९५ च्या आसपास निघतो, उत्तम. तोच १.१ आकडा ६५ वर्षांच्या काकूंचा असेल तर ईजीएफआर येतो ५६, आणि ६० च्या खाली तीन महिने राहिला की त्याला क्रॉनिक किडनी डिसीज, म्हणजे किडनीचा जुनाट आजार, म्हणतात. पण बऱ्याच लॅबच्या छापील रेंजमधे काकूंचं १.१ बसतं, बाजूला लाल खूण नसते, आणि काकू खूश होऊन घरी. त्यात काकू अंगाने बारीक, मटण-मासे न खाणाऱ्या असतील तर क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं, म्हणजे तो ५६ सुद्धा फुगवलेला असू शकतो! शिवाय हे मोजायची जी पद्धत आजही कितीतरी लॅब वापरतात ती माक्स याफे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली दाखवलेल्या पिक्रिक अॅसिड घातल्यावर क्रिएटिनिनला येणाऱ्या नारिंगी रंगावर आधारलेली आहे, आणि शुगर फार वाढलेली असली तर तो रंग फसवतो. डायबेटिसवाल्यांनाच किडनीचा धोका जास्त, आणि त्यांच्याच रक्तात ही गडबड, काय बोलणार.

सिस्टॅटिन सी नावाचं एक प्रोटीन आहे, ते शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात त्यामुळे स्नायूंची भानगड बरीच कमी, पण टेस्ट महाग म्हणून सहसा कोणी लिहून देत नाही.

बहिणीचा खरा जीव लघवीत आहे. फिल्टर निरोगी असेल तर अल्ब्युमिन नावाचं रक्तातलं प्रोटीन रक्तातच अडकतं, पण गाळणीला भोक पडलं की चहाचा चोथा कपात उतरतो तसं ते लघवीत उतरायला लागतं, आणि हे बऱ्याचदा क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी आधी होतं. मग मोजा की! पण मे महिन्यात ठाण्याहून लोकलला लटकून घामाघूम आलेल्या माणसाची लघवी घट्ट, आणि सकाळपासून तांब्याभर ताक प्यायलेल्याची पातळ, दोघांचं अल्ब्युमिन नुसतं मोजून तुलना कशी करणार. म्हणून ते लघवीतल्याच क्रिएटिनिनने भागतात, त्याला एसीआर म्हणतात, ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेलं की सावध व्हायचं. गंमत अशी की भागायला पुन्हा तेच क्रिएटिनिन, म्हणजे बारीक काकूंचा भाजक लहान आणि उत्तर उगाच मोठं. स्नायूंपासून सुटका नाही. तरीही माझ्या मते बीपी आणि शुगरवाल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा एसीआर करावाच, फार खर्चाचं काम नाही आणि डॉक्टर विसरले तर आपण आठवण करून द्यावी.

ती मात्र याच्याही मागे जातेय. किम-१ नावाचं प्रोटीन आहे, नेफ्रॉनच्या नळीतल्या पेशींना इजा झाली की ते लघवीत सापडतं. त्यासाठी ९६ खळग्यांची प्लॅस्टिकची प्लेट असते, एकेका खळग्यात पिपेटने लघवी सोडायची, त्या प्रोटीनला चिकटणारी अँटिबॉडी घालायची, धुवायची, पुन्हा धुवायची, शेवटी खळगे निळे होतात आणि अॅसिडचा थेंब पडला की पिवळे, जितका गडद पिवळा तितकं प्रोटीन जास्त. दिसायला झकास. पण लॅबमधे रंग आला म्हणजे झालं असं नाही, त्या माणसाची किडनी पुढे खरंच बिघडते का हे बघायला तोच माणूस परत परत यायला लागतो, तीन महिन्यांनी, वर्षाने, आणि आपली मंडळी एकदा बरं वाटलं की फिरकत नाहीत. कोणी गणपतीला कोकणात गेला तो तिकडेच राहिला, कोणाचा नंबर बदलला. त्यामुळे सध्या ती पिपेटपेक्षा फोन जास्त हातात धरून असते, आणि समोरून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, अजून एकदा लघवी द्यायची का?"