निकोटिन नाही, मग कॅन्सर कसला?

परवा टपरीवर मित्राने हर्बल सिगरेटचं पाकीट काढलं, वर तुळशीचं पान छापलेलं, आणि म्हणाला यात निकोटिनच नाही, मग कॅन्सर कसला? म्हटलं एक झुरका तोंडात धर आणि पांढऱ्या रुमालातून सोड. पिवळट डाग उमटला. टार, म्हणजे धुरातला चिकट डांबरासारखा गाळ.

निकोटिनचं काम व्यसन लावायचं, कॅन्सर मुख्यतः जळण्यातून येतो. झुरका ओढताना टोक साधारण 900 डिग्रीपर्यंत तापतं, मग पान तंबाखूचं असो की तुळशीचं, अर्धवट जळून बेन्झोपायरीन हे कॅन्सरला कारण ठरणारं रसायन बनणारच. आता खरी गंमत बघा, हे बेन्झोपायरीन स्वतः डीएनएला फारसं काही करत नाही, पण ते तेलकट, पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीर त्याला बाहेर घालवायला विरघळण्यासारखं करायला जातं, एन्झाइम त्याला ऑक्सिजन जोडतात, मग पाणी, मग परत ऑक्सिजन, आणि या शेवटच्या पायरीला जे डायॉल इपॉक्साइड तयार होतं ते डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी ला, म्हणजे ग्वानीनला, घट्ट चिकटून बसतं. म्हणजे साफसफाई करतानाच विष तयार! कॉपी काढताना पेशी तिथे अडखळते आणि जी च्या जागी टी येतो. पी53 हा जीन म्हणजे बिघडलेल्या पेशीचा ब्रेक, त्यात 157, 248 आणि 273 या जागांवर हे जास्त चिकटतं असं 1996 मध्ये दिसलं, आणि स्मोकर्सच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये वारंवार बिघडलेल्या जागा पण याच! तुळशीच्या चित्राला हे एन्झाइम घाबरत नाहीत.

ई-सिगरेटमध्ये काही जळत नाही, लिक्विडची वाफ होते. पण कॅन्सर व्हायला 20-30 वर्षं लागतात आणि ही वस्तूच 2003-04 च्या सुमारास आली, त्यामुळे पेशंट मोजून उत्तर मिळत नाही. म्हणून वाफेतला एकेक घटक मोजतात, त्याच्या कॅन्सर करायच्या ताकदीने गुणतात आणि बेरीज करतात. अशा एका हिशोबात बहुतेक ई-सिगरेट साध्या सिगरेटच्या 1 टक्क्याच्याही खाली आल्या, आणि तंबाखू न जाळता 350 डिग्रीच्या आसपास तापवणारी उपकरणं मध्ये कुठेतरी. हा आकडा फक्त कॅन्सरचा, हृदयाचा नाही, हे जाहिरातवाले सोयीने विसरतात. शिवाय लिक्विड तापवणारी कॉइल जास्त तापली की गणित बदलतं, 2015 च्या एका प्रयोगात 3.3 व्होल्टला फॉर्मल्डिहाइड (हेही कॅन्सर करणारं रसायन) सोडणारे पदार्थ सापडलेच नाहीत, 5 व्होल्टला मात्र भरपूर. त्यावर टीका झाली की इतका करपट झुरका कोणी ओढणारच नाही.

भारतात 2019 पासून ई-सिगरेट बंद आहे, म्हणजे आपल्याकडे चोरून जी मिळते तिच्या लिक्विडमध्ये काय आहे हे मोजलेलंच नसतं.