पार्श्वभूमी : यादीबाहेरचा उमेदवार

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची सुरुवात १८४४ मध्ये फिलाडेल्फियात झाली. वेड्यांच्या इस्पितळांचे १३ अधीक्षक तिथे एकत्र आले होते. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन हे आजचं नाव १९२१ मधलं. अध्यक्षपदासाठी नामांकन समिती नावं पुढे करायची आणि सभासद टपालाने मत द्यायचे. निवडून आलेला आधी वर्षभर नियोजित अध्यक्ष असायचा, मग खुर्चीवर बसायचा. समितीच्या यादीत नसलेल्या सहकाऱ्याला उभं करायचं असेल, तर सभासदांच्या सह्या गोळा कराव्या लागत.

१९७० च्या आसपास काही सुधारणावादी डॉक्टरांनी हाच मार्ग धरला. व्हिएतनाम युद्ध आणि सामाजिक प्रश्नांवर संघटना गप्प बसते, हा त्यांचा राग होता, आणि तो रास्त होता. न्यूयॉर्कच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या विभागप्रमुखाला त्यांनी सह्यांच्या जोरावर उभं केलं. १९७२ मध्ये तो अगदी मोजक्या मतांनी निवडून आला. दहा-बारा जणांनी पाकीट टाकायचा कंटाळा केला असता, तर पुढचं सगळं कदाचित वेगळं घडलं असतं.

कारण त्याच्याच कारकिर्दीत, १५ डिसेंबर १९७३ ला, विश्वस्त मंडळाने समलैंगिकता संघटनेच्या मानसिक आजारांच्या अधिकृत यादीतून काढली. विरोधात एकही मत पडलं नाही, दोघे तटस्थ राहिले. त्याआधीच्या वर्षी डॅलसच्या अधिवेशनात एका समलिंगी डॉक्टरला मुखवटा घालून, आवाज बदलून बोलावं लागलं होतं. ओळख कळली तर नोकरी जाईल, अशी त्याला भीती होती.

निर्णय मात्र निखळ नव्हता. जुनं निदान गेलं, पण त्याच्या जागी आपल्या लैंगिक ओढीमुळे त्रास होणाऱ्यांसाठी एक नवं निदान आलं. ही तडजोड होती. आजारांच्या यादीच्या १९८० च्या आवृत्तीत तिचंच दुसरं रूप दिसलं आणि १९८७ मध्ये तेही गळालं. पण खोच अशी, की त्रास ओढीचा की समाजाच्या वागणुकीचा, हे त्या निदानात कुठेच ठरत नव्हतं.

विरोधकांनीही सह्यांचंच हत्यार उचललं आणि सर्व सभासदांचं मत घ्यायला लावलं. आजार आहे की नाही हे मतपेटीने ठरवायचं का, हा आक्षेप तेव्हापासून आजवर घेतला जातो. पण आग्रह कोणाचा होता, हे विसरलं जातं. मंडळाने मतदान मागितलं नव्हतं, ज्यांना निर्णय उलटवायचा होता त्यांनी मागितलं.

तेव्हा अध्यक्षपदाचे उमेदवार एकत्र आले. निर्णय कायम ठेवा, असं सभासदांना सांगणाऱ्या पत्रावर त्यांनी सह्या केल्या. ते पाठवण्याचा खर्च समलिंगी हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेने केला होता आणि पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. यावरून मोठा गदारोळ झाला. उल्लेख असायला हवा होता, हे खरं. पण मजकूर उमेदवारांना मान्य होता आणि सह्या त्यांच्या स्वतःच्या होत्या, हेही तितकंच खरं.

एप्रिल १९७४ मध्ये निकाल लागला : निर्णयाच्या बाजूने ५,८५४, विरोधात ३,८१०. सह्या करणाऱ्या उमेदवारांपैकी एक १९७५ मध्ये अध्यक्ष झाला. समलैंगिकता हा आजार नाही, असं तो बरीच वर्षं उघडपणे लिहीत आला होता.