रेणूंमधील निवड : गणिती प्रतिमाने

स्वतःच्या प्रती काढणाऱ्या रेणूंपैकी कोणता टिकेल, कोणता नष्ट होईल आणि कोणत्या परिस्थितीत सगळेच टिकून राहतील, हे समीकरणांनी सांगणारी जीवभौतिकीची शाखा. पेशी अस्तित्वात येण्याआधीही नैसर्गिक निवड चालत असेल का, हा तिचा मूळ प्रश्न.

१९६७ मध्ये अमेरिकेत सॉल स्पीगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्यूबीटा या विषाणूचा आरएनए (आनुवंशिक माहिती वाहणारा साखळीसारखा रेणू), त्याची प्रत काढणारे विकर (एन्झाइम) आणि न्यूक्लिओटाइडे (या साखळीचे घटक, म्हणजे तिची ‘अक्षरे’) परीक्षानळीत एकत्र ठेवली. काही वेळाने त्यातला थोडा द्रव नव्या नळीत, त्यातून पुढच्या नळीत, असा क्रम त्यांनी चालू ठेवला. ७४ हस्तांतरांनंतर रेणूचा सुमारे ८३ टक्के भाग गळून पडला होता. संसर्ग करण्याची शक्ती गेली, पण प्रती भराभर निघू लागल्या. त्या नळीत वेगाखेरीज कशालाच किंमत नव्हती.

याचे गणित जर्मनीत गॉटिंगेन येथे मानफ्रेड आयगेन यांनी १९७१ मध्ये मांडले. त्यांच्या समीकरणात प्रत्येक रेणूप्रकाराची संख्या दोन कारणांनी वाढते : त्याच्या स्वतःच्या अचूक प्रती आणि इतरांची नक्कल चुकल्यामुळे तयार झालेल्या प्रती. एकूण संख्या स्थिर राहावी म्हणून सर्वांतून सारख्या प्रमाणात वजावट होते. अखेरीस एकच विजेता उरत नाही. अक्षरांचा एक प्रमुख क्रम आणि त्याभोवती त्याच्या चुकलेल्या प्रतींचा समूह उरतो. आयगेन आणि पीटर शुस्टर यांनी या समूहाला क्वासिस्पीशीज म्हटले. निवड होते ती या संपूर्ण समूहाची.

प्रमुख क्रम किती लांब असू शकतो, याला मर्यादा आहे. तो इतरांच्या सरासरीपेक्षा किती पट वेगाने वाढतो, त्या पटीचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यावा आणि त्याला दर अक्षरामागील चुकीच्या प्रमाणाने भागावे. शंभर अक्षरांत एक चूक आणि दहापट वेग असेल, तर मर्यादा सुमारे २३० अक्षरे येते. वेग शंभरपट केला तरी ती ४६० च्या आसपासच पोचते. वेग दहापटच ठेवून चूक दहा हजारांत एकवर आणली, तर मात्र मर्यादा सुमारे २३,००० होते. वेगापेक्षा अचूकता इतकी मोलाची ठरावी, हा या प्रतिमानाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय. पण अचूक नकलेसाठी विकर हवे आणि विकराची माहिती साठवायला लांब रेणू हवा. हा पेच आयगेनचा विरोधाभास म्हणून ओळखला जातो.

क्वासिस्पीशीजचा प्रत्यय सातारा-सांगलीतल्या पशुपालकाला लाळ्या-खुरकुताच्या रूपाने येतो. या रोगाच्या विषाणूचा आरएनए सुमारे ८,४०० अक्षरांचा आहे आणि नकलेतल्या चुका तपासणारी यंत्रणा विषाणूकडे नाही. त्यामुळे एकाच आजारी गाईच्या शरीरातसुद्धा त्याची किंचित वेगवेगळी रूपे एकत्र नांदतात. पुसेगाव किंवा खरसुंडीच्या यात्रेतल्या बाजारात गावोगावची जनावरे एकत्र येतात, तेव्हा असे समूह एका कळपातून दुसऱ्यात जाण्याची वाट खुली होते. भारतातल्या लशीत ओ, ए आणि आशिया-१ असे तीन प्रकार घालतात. फिरत्या विषाणूशी लशीतला वाण अजून जुळतो का, हे वारंवार तपासावे लागते. म्हणून बाजाराला नेण्यापूर्वी वेळेत टोचून घेणे जितके गरजेचे, तितकेच रोग दिसताच नमुना प्रयोगशाळेकडे जाणेही गरजेचे आहे.

वाढीचा नियम बदलला की निवडीचा निकालही बदलतो. गुंटर फॉन कीड्रोव्स्की यांनी १९८६ मध्ये विकराविना स्वतःची प्रत काढणारा सहा न्यूक्लिओटाइडांचा डीएनए तयार केला. त्याची नवी प्रत ज्या रेणूवरून निघाली त्या साच्यालाच चिकटून बसते, म्हणून वाढीचा वेग संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात राहतो. अशा वाढीत दुर्मिळ रेणूला दरडोई जास्त वेग मिळतो आणि सर्व प्रकार एकत्र टिकू शकतात, असे एर्श सात्मारी आणि ग्लादकीह यांनी १९८९ मध्ये दाखवले. घातांकी वाढीत, म्हणजे ठरावीक काळाने संख्या दुप्पट होत जाते तेव्हा, सर्वांत वेगवान प्रकार जिंकतो. एकमेकांच्या नकलेला साखळीने मदत करणाऱ्या रेणूंच्या हायपरसायकलमध्ये आधी संख्येने वाढलेला गट जागा अडवतो आणि नंतर आलेल्या सरस गटालाही आत शिरता येत नाही. मदत घेऊन ती न देणारे परजीवी रेणू ही या साखळीची मोठी दुबळी बाजू आहे. रेणू लहान कप्प्यांत विभागले, तर निवड कप्प्यांमध्येही होते आणि परजीवींना आळा बसतो.

ट्रेसी लिंकन आणि जेराल्ड जॉइस यांनी २००९ मध्ये एकमेकांच्या प्रती घडवणारे आरएनए प्रथिनांविना घातांकी वेगाने वाढवले. त्यांच्या वेगवेगळ्या प्रकारांची स्पर्धा लावली, तेव्हा मूळ रेणूंपेक्षा त्यांच्या भागांच्या अदलाबदलीतून तयार झालेले नवे रेणूच वरचढ ठरले.