उपवासकाळ (कोकण किनारा)

ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे पवित्र शनिवारपर्यंत, दिवस मोजले तर ४६ भरतात. मधले सहा रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचे म्हणून उपवासात धरत नाहीत. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांदरम्यान केव्हाही येतो. कोकण किनाऱ्यावर वसई, उत्तन, कोर्लईपासून खाली वेंगुर्ले-सावंतवाडीपर्यंतच्या कॅथलिक वस्त्यांत हा काळ पाळला जातो.

राखेच्या बुधवारी कपाळावर लावायची राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारची, असते. त्या दिवशी आशीर्वादित केलेल्या झावळ्या वाळल्या की जाळतात. धर्मगुरू त्या राखेचा क्रूस कपाळावर काढतात आणि ‘तू माती आहेस व मातीला मिळशील’ याची आठवण देतात, किंवा पश्चात्ताप करून शुभवर्तमानावर विश्वास ठेवायला सांगतात.

चाळीस दिवसांचा आधार येशूच्या अरण्यातील चाळीस दिवसांच्या उपवासात आहे. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी दिखाऊपणा टाळून करायला सांगितल्या आहेत. आपला क्रूस उचलून येशूच्या मागे येण्यापूर्वी स्वतःला नाकारावे, हे आवाहन मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात येते.

कॅथलिक नियम तसा सौम्य आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या प्रौढांनी एकच पूर्ण जेवण घ्यावे. १४ वर्षांवरील सर्वांनी त्या दिवशी मांस वर्ज्य करावे. मासळीला मात्र हा नियम लागू नाही, आणि किनाऱ्यावर खरा प्रश्न इथेच उभा राहतो. ज्या घरात कालवणाशिवाय भात घशाखाली उतरत नाही, तिथे मटण बाजूला ठेवून पापलेट तळले तर नियम पाळला जातो, त्याग मात्र होत नाही. म्हणून अनेक घरे मासळीही बंद करतात. कोळी कुटुंबांना ते विशेष जड जाते, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये दारात बोंबील वाळत असतात, टोपली बाजारात जाते आणि ताटात डाळभात येतो. कुणी दारू सोडतो, कुणी विडी. लग्नाचे बार बहुधा ईस्टरनंतरच उडतात.

पण वाचलेला पैसा घरातच राहिला तर ती नुसती काटकसर. उपवासाचा प्राण दया आहे, असे संत पीटर क्रिसोलोगस यांनी पाचव्या शतकातच बजावले होते. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५८व्या अध्यायात तर देवाला हवा असलेला उपवास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणे, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे. या अर्थाने मासळीचे पैसे दानपेटीत टाकणे ही सुरुवात आहे. अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याकडे रोज संध्याकाळी जाऊन बसणे त्याहून कठीण, कारण तिथे वेळ द्यावा लागतो.

सर्वस्व देण्याचा दाखला वसईला परका नाही. इथे जन्मलेले गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधू, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या संन्यासी संघाचे सदस्य, झाले, जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्यांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. १८६२ साली ते संत घोषित झाले. १७३९मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली, तरी इथल्या ख्रिस्ती गावांनी श्रद्धा आणि मराठी बोली दोन्ही राखल्या. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतील प्रदेश) १९९८ साली झाला, सिंधुदुर्गचा २००५ साली.

उपवासकाळात शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या मरणयात्रेतील प्रसंगांची, चौदा स्थाने चालत प्रार्थना होते. शेवटच्या आठवड्यातील गुरुवारी धर्मगुरू गुडघे टेकून गावकऱ्यांचे पाय धुतात, जसे येशूने शिष्यांचे धुतले होते. या विधीसाठी पूर्वी फक्त पुरुष निवडायचा नियम होता. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तो बदलून स्त्रियांनाही त्यात स्थान दिले.