वाळवंटीकरणाच्या नकाशावर गोवा कसा आला?

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने २०१६ साली देशातल्या वाळवंटीकरणाचा आणि जमिनीच्या ऱ्हासाचा ॲटलास प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक भूभाग बिघडलेल्या राज्यांत राजस्थान, गुजरात, झारखंड, दिल्ली यांच्या जोडीला गोवा होता. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणारा गोवा!

याची मुळं जुनी आहेत. आफ्रिकेतल्या साहेलच्या दुष्काळानंतर १९७७ मध्ये नैरोबीत वाळवंटीकरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, १९९४ मध्ये ते रोखण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, १९९६ मध्ये भारत त्यात आला. कराराची मोजपट्टी हवामानाची: पडलेल्या पावसाला बाष्परूपाने उडून जाऊ शकणाऱ्या पाण्याने भागायचं. उत्तर ०.६५ च्या खाली आलं, तर प्रदेश कोरडा. या हिशेबात गोवा बसतच नाही. आपल्याकडचं दुखणं जमिनीच्या ऱ्हासाचं आहे आणि ते पर्जन्यमापकात दिसत नाही, उपग्रहाला दिसतं.

हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि जवळचा अवरक्त प्रकाश परतवतं. या दोहोंतल्या फरकावरून झाडोऱ्याचा जोम कळतो. २००३-०५ आणि २०११-१३ ची चित्रं अशीच शेजारी ठेवून पाहिली गेली. डिचोली, सत्तरी, सांग्याचा खाणपट्टा तर उघड्या लाल मातीमुळे सहज ओळखू येतो.

खाजनांचं, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतांचं, मात्र तसं नाही, आणि मला खरी काळजी त्यांचीच वाटते. बांध फुटला किंवा मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवण्या-सोडण्याच्या दाराची, देखभाल थांबली की खारं पाणी शेतात शिरतं, भात जातं, काही वर्षांत तिथे खारफुटी माजते. वरून पाहणाऱ्याला हिरवळ वाढलेली दिसते! पिढ्यान्‌पिढ्या खाडीकडून राखलेलं भातशेत गेलं, याची नोंद त्या हिरव्या ठिपक्यात नसते. शिवाय ॲटलासचं प्रमाण १ सेंटिमीटरला ५ किलोमीटर. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा अख्खा गोवा त्यात जेमतेम वीतभर. त्यात बांध कुठून दिसणार?

२०२१ च्या आवृत्तीतही गोवा निम्म्याच्या वरच राहिला. जून ते सप्टेंबर ढगांमुळे साध्या कॅमेऱ्याला इथलं काही दिसत नाही. २०१४ पासून युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगांतूनही पाहतं आणि त्याची माहिती मोफत मिळते. कुठल्या खाजनात पाणी साचून राहिलं, हे त्यावरून कळू शकतं. ते खारं किती, हे अजूनही शेतात उतरूनच मोजावं लागतं.